बॅनिश्ड : कोठार भरलेले, गाव उपाशी

संगणकावर गाव वसवण्याचे खेळ आपल्या मुलांना (आणि खरे सांगायचे तर काही पालकांनाही) चांगलेच ठाऊक आहेत. त्यातला 'बॅनिश्ड' २०१४ साली आला. ल्यूक होडोरोविच या एकाच माणसाने तो बनवला. हद्दपार झालेली काही कुटुंबे मध्ययुगीन वळणाचे नवे गाव वसवतात, एवढीच गोष्ट. लढाया नाहीत, पैसा नाही; व्यापार होतो तो मालाच्या बदल्यात माल असा. मुख्य शत्रू म्हणजे थंडी आणि भूक.

आमच्या चिरंजीवांचे पहिले गाव तिसऱ्या हिवाळ्यात ओस पडले. "बाबा, कोठारात खायला आहे, मग माणसं मरतात कशी?" प्रश्न रास्त होता. कोठार नदीपलीकडे होते, घरे अलीकडे आणि पूल पार गावाच्या टोकाला!

या खेळात माल आपोआप पोहोचत नाही. प्रत्येक ओझे कोणीतरी पायी वाहून नेतो. माणसे जेवायला आणि ऊब घ्यायला घरी जातात, त्यामुळे घर कामापासून लांब असले की दिवस चालण्यातच जातो.

साठवणीच्या जागा दोन प्रकारच्या. लाकूड, दगड, लोखंड, कोळसा आणि सरपण उघड्या आवारात राहते; अन्न, कपडे, अवजारे कोठारात. म्हणून लाकूडतोड्याला आवाराजवळ बसवावे आणि शेताला कोठार लागूनच द्यावे. शरद ऋतूत शेतकरी लांबवर खेपा घालत बसले की उरलेले उभे पीक थंडीने जाते.

गाव वाढले की बाजार बांधावा. तिथले विक्रेते दूरच्या कोठारांतून माल आणून ठेवतात, आणि आसपासच्या घरांना सगळे एका जागी मिळते. मात्र विक्रेते कमी नेमले तर बाजार रिकामाच दिसतो.

मातीच्या रस्त्याला फक्त मेहनत लागते, तो सुरुवातीलाच करावा. दगडी रस्त्यावर चाल आणखी वाढते, पण दगड आधी घरांना लागतो.

नवखे खेळाडू हटकून एक चूक करतात, ती म्हणजे प्रत्येकाला कुठल्या तरी धंद्याला लावणे. मग ओझी वाहायला मजूरच उरत नाहीत. चार-पाच माणसे मोकळी ठेवावीत. ती रिकामी दिसतात, पण हमाली तीच करतात.

दुसऱ्या गावात आमच्याकडे नदीच्या दोन्ही काठांना कोठारे आहेत. सध्या सातवा हिवाळा चालू आहे.