कागदाएवढ्या जागेत आयुष्य : अंडी देणारी कोंबडी आणि पिंजरा

ए-फोर कागदाचे क्षेत्रफळ सुमारे ६२४ चौरस सेंटिमीटर. भारतात तारेच्या बॅटरी पिंजऱ्यात एका कोंबडीच्या वाट्याला अनेकदा त्याहूनही कमी जागा येते. तिथे तिला पंख पसरता येत नाहीत, मातीत अंग घोळता येत नाही, अंडे घालायला आडोसा मिळत नाही. हालचाल नसल्याने हाडे ठिसूळ होऊन सहज मोडतात.

युरोपीय संघाने २०१२ पासून असे पिंजरे बंद केले. आडोसा व बसायला दांडी असलेल्या पिंजऱ्यातही प्रत्येकी किमान ७५० चौरस सेंटिमीटर जागा बंधनकारक केली.

आपल्याकडे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ नुसार पुरेशी हालचाल करता न येणाऱ्या पिंजऱ्यात प्राणी ठेवणे गुन्हा आहे. विधी आयोगाने २०१७ च्या २६९ व्या अहवालात कोंबड्यांसाठी नियमांचा मसुदाही दिला. म्हणून आम्ही दया मागत नाही. कायद्याची अंमलबजावणी मागतो.