मोजे, चिखल आणि ४८ तास: कोरड्या पायांचा इतिहास

जून लागला की ट्रेकिंगच्या प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर एक प्रश्न हमखास येतो: "वॉटरप्रूफ मोजे घेऊ का रे? खरंच चालतात का?" मग कोणीतरी व्हिडिओ टाकतं. त्यात एक माणूस मोजे घालून पाण्याच्या बादलीत उभा असतो. दहा मिनिटांनी मोजा काढतो, पाय कोरडा. झालं, ऑर्डर दिली!

मी पेशाने सॉफ्टवेअरवाला. आमच्याकडे टेस्ट पास झाली की पहिला प्रश्न येतो, ही टेस्ट नेमकं काय तपासतेय? बादलीची टेस्ट फक्त एवढंच तपासते की बाहेरचं पाणी आत येतं का. पण पाय खराब होतो तो वेगळ्याच कारणाने. कातडी सलग किती तास ओली राहिली, हा खरा प्रश्न. तो नीट विचारायला सैन्यांना दीडशे वर्षं लागली आणि त्याची किंमत हजारो जवानांच्या पायांनी मोजली. आजच्या भागात तीच गोष्ट.

सुरुवात १८१२ पासून. नेपोलियनचं सैन्य मॉस्कोहून माघारी फिरलं होतं. त्याचा सर्जन डॉमिनिक लॅरे याने सैनिकांच्या पायांची दुर्दशा पाहिली आणि नोंदवून ठेवली. पण या दुखण्याला नाव मिळालं ते पहिल्या महायुद्धात, 'ट्रेंच फूट'.

१९१४ चा हिवाळा. फ्रान्स आणि बेल्जियमच्या सपाट, पाणथळ जमिनीत खंदक खणलेले. आपल्याकडून गेलेल्या लाहोर आणि मीरत डिव्हिजनचे जवानही तिथेच होते. गुडघाभर चिखलात तासन् तास उभं राहायचं. बूट आवळलेले, पिंडरीला पट्ट्या गुंडाळलेल्या, हालचाल जवळपास नाही. बर्फ पडायचीही गरज नाही, ओल आणि थंडी पुरेशी असते. रक्तवाहिन्या आकसतात, पाय बधिर होतो, मग सुजतो आणि नसा कामातून जातात. प्रकरण हाताबाहेर गेलं तर बोटं किंवा अख्खं पाऊल कापावं लागतं. त्या एका हिवाळ्यात ब्रिटिश सैन्यात २० हजारांवर जवानांवर यासाठी उपचार करावे लागले.

उपाय काय केले? पहिला उपाय, पाणी अडवा. एका ब्रिटिश रबर कंपनीला गमबुटांची ऑर्डर गेली आणि युद्ध संपेपर्यंत तिने जवळपास १२ लाख जोड बनवले. पण गमबुटाची गंमत अशी, की बाहेरचं पाणी आत येत नाही आणि आतला घाम बाहेर जात नाही. त्यात वरून एकदा पाणी शिरलं की पाय डबक्यातच!

दुसरा उपाय अगदी साधा होता. मोज्यांचे जास्तीचे जोड जवळ ठेवा आणि रोज बदला. जवानांच्या जोड्या लावल्या, एकाने दुसऱ्याचे पाय पुसायचे आणि त्यांना व्हेल माशाचं तेल चोळायचं. पाय तपासायची जबाबदारी अधिकाऱ्यावर. तेलाचा स्वतःचा किती उपयोग झाला यावर वाद घालता येईल. पण तेल लावायचं म्हणजे बूट काढावा लागतो, पाय पुसावा लागतो आणि दुसरं कोणीतरी तो डोळ्यांनी बघतं. माझ्या मते खरं औषध तेच होतं.

तरी धडा विसरला गेला. मे १९४३, अलास्काजवळचं अट्टू बेट. अमेरिकन जवान चामडी बूट घालून ओल्या, दलदलीच्या जमिनीवर उतरले. लढाईत ५४९ जण मेले आणि थंडी-ओलीने जायबंदी झाले सुमारे १२००.

आता व्हिएतनाम, म्हणजे आपल्या ओळखीचं हवामान. उकाडा, भातखाचरं, चिखल. इथे अमेरिकन सैन्याने बुटाचा विचारच उलटा केला. जंगल बुटाला आतल्या बाजूला छोटी भोकं ठेवली. पाणी येणारच आहे, तर ते बाहेरही जाऊ दे! मग १९६८ च्या सुमारास मेकाँगच्या त्रिभुज प्रदेशात ९ व्या इन्फंट्री डिव्हिजनने 'सेफ स्टेप' नावाची चाचणी घेतली. स्वयंसेवक जवानांना वेगवेगळे बूट, मोजे आणि मलमं देऊन चिखलपाण्यात ठेवलं आणि त्यांचे पाय तपासले. यातून जादूचा मोजा निघाला नाही, वेळेचा नियम निघाला. खाचरात जास्तीत जास्त ४८ तास, मग २४ तास पाय वाळवायचे.

पुढच्याच वर्षी, १९६९ मध्ये, अमेरिकेत बॉब गोर याने टेफ्लॉनची तापलेली कांडी हळूहळू न ताणता एकदम हिसक्याने ओढली. त्यातून बारीक छिद्रांचा पदार्थ तयार झाला, तोच गोरटेक्स. छिद्रं इतकी बारीक की पाण्याचा थेंब आत जात नाही, पण वाफेचा कण बाहेर पडतो. आजचे बहुतेक वॉटरप्रूफ मोजे याच कल्पनेवर चालतात. बाहेर विणलेलं नायलॉन, मध्ये असा पातळ पडदा आणि आत लोकर किंवा तत्सम अस्तर.

मग प्रश्न सुटला का? अर्धाच. वाफ बाहेर जायला आत आणि बाहेर फरक लागतो. आत गरम-दमट, बाहेर थंड-कोरडं, असं असेल तर काम छान होतं. स्कॉटलंडच्या गार पावसात हा फरक बऱ्यापैकी मिळतो. आपल्या सह्याद्रीत जुलैमध्ये हवा दमट आणि उबदार, बुटात पाणी भरलेलं, मोज्याचं बाहेरचं कापड चिंब. घाम जाणार कुठे? शिवाय ओढा ओलांडताना पाणी मोज्याच्या काठावरून आत शिरलं, तर तो पडदा तेच पाणी इमानदारीने आत सांभाळून ठेवतो. म्हणजे तोच १९१५ चा गमबूट.

म्हणून बादलीऐवजी ही टेस्ट करा. वॉटरप्रूफ मोज्याच्या आत एक पातळ सुती मोजा घाला. आधी त्याचं वजन किचनच्या काट्यावर करून ठेवा. पावसात चार तास चाला आणि परत वजन करा. वाढलेले ग्रॅम म्हणजे तुमच्या कातडीला लागून असलेलं पाणी. ते ढगातून आलं की घामातून, कातडीला फरक पडत नाही. पाय पांढराफटक आणि सुरकुतलेला दिसला, तर निकाल लागला.

थंडीतल्या ट्रेकला, ओल्या गवतात, घोट्याखालच्या पाण्यात हे मोजे जरूर घ्या. पण पावसाळ्यात दोन दिवसांचा ट्रेक असेल तर पाणी निथळणारे बूट बरे. आणि प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेला एक कोरडा जोड फक्त रात्रीसाठी ठेवा. तो कितीही मोह झाला तरी दिवसा काढायचा नाही.

आपल्याकडे भात लावणाऱ्या बायकांना हे कोणी शिकवावं लागलं नाही. बोटांच्या बेचक्यात होणाऱ्या जखमांना मराठीत शब्दच आहे, चिखल्या. हे दुखणं ट्रेंच फूटपेक्षा वेगळं, पण कारणात ओल आहेच. संध्याकाळी पाय धुऊन, कोरडे करून त्यावर मेंदी लावायची पद्धत कित्येक घरांत आहे. त्यांच्या ट्रेकला मात्र ४८ तासांची मर्यादा नसते. लावणी संपेपर्यंत रोज त्याच खाचरात उतरावं लागतं. पायवाटेवरून जाताना त्या दिसल्या, तर फोटोच्या आधी एवढं आठवा.

चला, भेटू पुढच्या भागात. तोवर पाय कोरडे ठेवा!