नैसर्गिक गृहस्वच्छता : जालना जिल्हा

घरातील भांडी, कपडे, फरशी, मोरी व स्नानगृह यांच्या सफाईसाठी कारखान्यात तयार होणाऱ्या अपमार्जकांऐवजी (तेलकट मळ सुटा करून पाण्याबरोबर वाहून नेणारी कृत्रिम चूर्णे व द्रव) फळे, साली, राख, खनिज क्षार व माती यांचा वापर करण्याची पद्धती. तिला व्यवहारात ‘रसायनमुक्त सफाई’ म्हणतात. परंतु रिठ्यातील फेसद्रव्य आणि चिंचेतील आम्ल हीदेखील रसायनेच असल्यामुळे ही संज्ञा सैल आहे. ज्या पदार्थाचा उगम, गुणधर्म आणि वापरानंतरची वाट घरातल्या माणसाला ठाऊक आहे अशा पदार्थाने केलेली सफाई, असा तिचा नेमका अर्थ करता येतो.

पाणी व परिसर : 1 मे 1981 रोजी औरंगाबाद व परभणी या जिल्ह्यांतील भाग वेगळे काढून स्थापन झालेला जालना जिल्हा मराठवाड्याच्या अवर्षणप्रवण पट्ट्यात मोडतो. बेसाल्ट खडकातून येणारे येथील विहिरींचे व कूपनलिकांचे पाणी अनेक ठिकाणी ‘जड’ असते, म्हणजे त्यात कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे क्षार विरघळलेले असतात. ज्या पाण्यात तूरडाळ लवकर शिजत नाही ते पाणी जड, ही स्वयंपाकघरातील जुनी पारख याच गुणधर्मावर आधारलेली आहे. अशा पाण्यात साबणाचा फेस होत नाही, उलट त्याचा न विरघळणारा साका कपड्यांवर व बादलीच्या कडेला बसतो. म्हणून साबणही जास्त लागतो आणि खळबळण्यासाठी पाणीही. 2012-13 सारख्या तीव्र दुष्काळाच्या वर्षांत टँकरच्या पाण्यावर घर चालवावे लागलेल्या या जिल्ह्यात सफाईचा प्रश्न मुळात पाण्याच्या काटकसरीचा प्रश्न ठरतो.

पारंपरिक साधने : भांडी घासण्यासाठी चुलीतील राख आणि नारळाची शेंडी वापरली जाई. कापसाच्या या मुलखात पऱ्हाट्या व तुराट्या हे मुबलक सरपण असल्यामुळे राखेला तोटा नसे. तिच्यातील पोटॅशियम कार्बोनेट पाण्यात मिसळले की अल्कधर्मी द्रावण तयार होते, ते तेलकटपणा सोडवते आणि राखेचे बारीक कण घासणीचे काम करतात. तांब्या-पितळेची भांडी चिंचेने उजळतात, कारण चिंचेतील टार्टारिक आम्ल धातूवर चढलेला ऑक्साइडचा काळपट थर विरघळवते. नाजूक वस्त्रांसाठी रिठा (सॅपिंडस प्रजातीतील वृक्षाचे फळ), केसांसाठी शिकेकाई आणि रेशमी कापडासाठी कोरडवाहू भागात वाढणाऱ्या हिंगणबेटाच्या फळाचा गर वापरला जात असे. या तिन्हींत सॅपोनिन हे फेस निर्माण करणारे द्रव्य असते. त्याचा जड पाण्यातही साबणासारखा साका होत नाही, हा त्याचा या प्रदेशाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा गुण आहे.

जिल्ह्याच्या पूर्वेस बुलढाणा जिल्ह्यात असलेल्या लोणार सरोवराच्या खाऱ्या, तीव्र अल्कधर्मी पाण्यातून पूर्वी सोड्याचे क्षार काढले जात आणि साबण व काच यांसारख्या उद्योगांत त्यांचा उपयोग होई. 2020 पासून आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या रामसर पाणथळ स्थळांत गणल्या जाणाऱ्या या सरोवराचे मोल आज त्याच्या संरक्षणात आहे. मातीच्या व धाब्याच्या घरांत जमिनीला शेणमातीचे सारवण, भिंतींना पांढरी माती किंवा चुना आणि अंगणात सडा अशी व्यवस्था होती. तीत धूळ बसे, भेगा बुजत आणि ताज्या चुन्याच्या तीव्र अल्कधर्मामुळे जंतूंच्या वाढीला आळा बसे.

पालट : 1959 मध्ये सर्फ व 1969 मध्ये अहमदाबादेतून निरमा ही धुण्याची चूर्णे बाजारात आली आणि पुढील दोन-तीन दशकांत ती खेड्यांपर्यंत पोहोचली. मातीच्या जमिनीच्या जागी शहाबादी फरशी व ओट्यावर कडप्पा आला. 2016 मध्ये सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने गॅसचा प्रसार वाढवला आणि चुलीबरोबर राखही कमी झाली. धुरापासून स्त्रियांची सुटका हा त्यातील निःसंशय लाभ होय. मात्र चूल, गोठा आणि परसातील झाड यांवर उभी असलेली जुनी सफाई आता जशीच्या तशी परत आणता येत नाही, ती नव्या घराला बेतूनच उभारावी लागते.

आजची पद्धती : कुटुंबाने एकाच दिवशी सर्व बाटल्या टाकून देण्यापेक्षा, हाती असलेला साठा संपत जाईल तसा एकेक पदार्थ बदलणे सोयीचे ठरते. बिया काढलेले रिठे रात्रभर भिजवून, उकळून व गाळून केलेले पाणी कपडे व भांडी या दोहोंना चालते. ते थोड्या दिवसांत आंबत असल्याने थोडेथोडेच करावे लागते. जड पाण्यात सुती कपड्यांसाठी धुण्याचा सोडा उपयोगी पडतो, कारण तो कॅल्शियम अवक्षेपित करून (न विरघळणाऱ्या साक्याच्या रूपात वेगळे काढून) पाणी मृदू करतो. नळांवर साचलेले पांढरे क्षार काढण्यासाठी तीव्र ॲसिडऐवजी लिंबूसत्त्वाचे द्रावण वापरता येते.

जालन्याच्या मोसंबीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले असून अंबड, घनसावंगी, बदनापूर या तालुक्यांत तिच्या बागा आहेत. तिच्या सालींपासून घरगुती सफाईद्रव करता येतो. एक भाग गूळ, तीन भाग साली व दहा भाग पाणी हे प्रमाण घेऊन मिश्रण प्लास्टिकच्या बरणीत सुमारे तीन महिने आंबवतात. आंबताना वायू तयार होत असल्यामुळे बरणीत मोकळी जागा ठेवणे व पहिला महिनाभर झाकण रोज सैल करणे आवश्यक असते. या द्रवाचा गुण मुख्यतः त्याच्या आम्लतेत असतो. त्याला खात्रीचा जंतुनाशक समजणे योग्य नाही.

मर्यादा व दक्षता : शहाबादी व कडप्पा हे दोन्ही चुनखडीचे दगड असल्याने लिंबू, चिंच, व्हिनेगर किंवा सालींचा द्रव यांमुळे त्यांची झिलई जाते, त्यांना रिठ्याचे पाणी योग्य. कल्हई केलेल्या भांड्याच्या आतून चिंच किंवा राख घासू नये, तसेच प्लास्टिक जळालेल्या चुलीची राख वापरू नये. व्हिनेगर व सोडा एकत्र केल्यास फसफसून दोघांचेही गुण मावळतात. बदलाच्या काळात जुनी व नवी साधने शेजारीशेजारी असतात आणि तेव्हाच सर्वांत मोठा धोका असतो : ब्लीचिंगच्या द्रवात किंवा चूर्णात कोणतेही आम्ल, मग ते लिंबाचे का असेना, मिसळल्यास क्लोरिन हा विषारी वायू सुटतो. शेणात धनुर्वाताचे जंतू असू शकतात, म्हणून जखम किंवा नवजात बाळाची नाळ यांच्याशी त्याचा संपर्क येऊ देऊ नये. पिण्याच्या पाण्यासाठी ग्रामपंचायत वापरत असलेल्या टीसीएल (ब्लीचिंग) चूर्णाला आणि घरात जुलाबाची साथ असताना लागणाऱ्या जंतुनाशकाला रिठा किंवा मोसंबीची साल हा पर्याय नाही. तेथे नैसर्गिकतेचा आग्रह जिवावर बेतू शकतो.

सांडपाणी : रिठ्याचे विरळ पाणी परसातील शेवगा, कढीपत्ता अशा झाडांना देता येते, मात्र ते मासे असलेल्या तळ्यात सोडू नये, कारण सॅपोनिन माशांना घातक असते. सोड्याचे पाणी वारंवार एकाच जागी सोडल्यास त्यातील सोडियममुळे काळी माती चोपण होते, म्हणजे ती घट्ट होऊन तिच्यात पाणी मुरेनासे होते. म्हणून सोड्याचे पहिले पाणी शोषखड्ड्यात व नंतरचे खळबळलेले पाणी झाडांना, अशी विभागणी आवश्यक ठरते. ज्या गावात उन्हाळ्यात हंडाभर पाण्यासाठी रांग लागते, तेथे एकच पाणी भांड्यानंतर झाडालाही पोसते की नाही, यावरच घरच्या सफाईच्या पद्धतीची खरी कसोटी लागते.