उपचार तुरुंगाच्या दाराशी थांबला तर?

1935 साली अमेरिकेतील केंटकी राज्यात, लेक्सिंग्टन येथे ‘नार्कोटिक फार्म’ सुरू झाले. व्यसनाधीन कैद्यांना नुसत्या कोठडीऐवजी शेतीकाम आणि वैद्यकीय उपचार मिळावेत, हा हेतू उदात्त होता.

परंतु 1962 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, तेथून न्यूयॉर्कला परतलेल्यांपैकी 90 टक्क्यांहून अधिक जण पुन्हा व्यसनाकडे वळल्याचे आढळले. अमली पदार्थ बाळगणे हाच गुन्हा असल्याने ती वाट पुन्हा तुरुंगाकडेच जाई.

1989 साली मायामीत अमली पदार्थ न्यायालय स्थापन झाले. आरोपी आपल्याच शहरात राहून उपचार घेई आणि ठरावीक काळाने न्यायाधीशांसमोर हजर होई. 2012 च्या एका विश्लेषणानुसार, अशा न्यायालयांमुळे पुनर्गुन्ह्यांचे प्रमाण सुमारे 50 वरून 38 टक्क्यांवर येते.

व्यसनमुक्तीची खरी कसोटी सुटकेनंतरच सुरू होते.