'आर्क्टिक' का बुडाली?

एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला अटलांटिक ओलांडणाऱ्या आगबोटींत वेगाची चढाओढ लागली होती. अमेरिकेतील कॉलिन्स कंपनीची 'आर्क्टिक' त्यातलीच. १८५० साली ती पाण्यात उतरली. सांगाडा लाकडी, दोन्ही बाजूंना वल्ह्यांची चाके. १८५२ साली तिने न्यूयॉर्कहून लिव्हरपूल दहा दिवसांच्या आत गाठले.

२७ सप्टेंबर १८५४ रोजी न्यूफाउंडलंडजवळ दाट धुक्यात तिची 'व्हेस्टा' या छोट्या फ्रेंच बोटीशी टक्कर झाली. व्हेस्टाची नाळ तुटली. 'आर्क्टिक' धड दिसत होती, पण पाण्याखाली तिला भोके पडली होती. कप्तानाने ती किनाऱ्याकडे पळवली. पाणी भराभर चढले, भट्ट्या विझल्या, चाके थांबली. सुमारे चार तासांत ती बुडाली.

व्हेस्टा मात्र सेंट जॉन्स बंदरात पोचली! तिच्या नाळेमागे आडवी जलरोधक भिंत होती. पाणी तिथेच अडले. 'आर्क्टिक'मध्ये अशी भिंत नव्हती.

'आर्क्टिक'वर सुमारे ४०० माणसे होती. जीवरक्षक नावा सहा, जागा सुमारे १८० जणांची. त्या वेळच्या नियमांत हे बसत होते. बऱ्याच खलाशांनीच नावा बळकावल्या. ऐंशीहून थोडे अधिक लोक वाचले. त्यांत एकही स्त्री वा मूल नव्हते.

दोन सारखे डबे, एकात आडभिंत, दोन्हींना पुढे भोक : हा प्रयोग वर्गात बादलीतही करता येईल. नावांचा प्रश्न मात्र भौतिकशास्त्राचा नव्हता. सर्वांना पुरतील एवढ्या नावा हव्यात, हे आंतरराष्ट्रीय करारात यायला टायटॅनिक बुडावी लागली आणि १९१४ साल उजाडावे लागले. का, हे विद्यार्थ्यांना जरूर विचारूया.