चांगदेवाचा शक

३ मे २००० रोजी अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात एकाने रानात बादली लपवली आणि तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. उपग्रहांच्या आधारे ती शोधायची! 'जिओकॅशिंग' हा खेळ तेव्हापासूनचा. आकाशाची साक्ष, अभ्यास आणि चढण मागणारे असेच एक कोडे मराठी वाङ्मयात सातशे वर्षांपासून आहे, अहिल्यानगर जिल्ह्यातील हरिश्चंद्रगडावर.

'तत्त्वसार' या ग्रंथात चांगदेवाने रचनेचे स्थळ हरिश्चंद्र पर्वत, आणि काळ शके १२३४, परिधावी संवत्सर असा दिला आहे. संवत्सराचे नाव हा अलंकार नव्हे, पडताळा आहे. गुरू सुमारे बारा वर्षांत सूर्याभोवती एक फेरी करतो. अशा पाच फेऱ्यांचे साठ संवत्सर. शकात बारा मिळवावे आणि साठाने भागावे. बाकी उरते ४६, आणि सेहेचाळिसावा संवत्सर परिधावीच. हे दक्षिणी गणनेने; उत्तरेत गुरूच्या गतीशी मेळ राखण्यासाठी अधूनमधून एक संवत्सर गाळतात, म्हणून तेथे नाव जुळत नाही.

म्हणजे इ. स. १३१२. ज्ञानेश्वरांच्या समाधीला सोळा वर्षे झालेली. वाघावर बसून आलेला चांगदेव तो हाच का? एकाहून अधिक चांगदेव मानणारे अभ्यासक आहेत. मला मात्र चौदाशे वर्षांच्या आयुष्याच्या आख्यायिकेहून हे एक साल मोलाचे वाटते.

गडावरील मंदिराच्या परिसरातील शिलालेखांतही चांगदेवाचे नाव भेटते. विद्यार्थ्यांना पाचनईच्या वाटेने न्यावे, तेही पावसाळा सरल्यावर, तिरप्या उन्हात. झिजलेली अक्षरे तेव्हाच उठून दिसतात.