वारा, आंकडे आणि सुकाणू



शिडाच्या नौकांची शर्यत म्हटली कीं, फुगलेलें शीड, एका कुशीवर कललेली नौका आणि सुकाणू धरून बसलेला अनुभवी मनुष्य, असें चित्र डोळ्यांपुढें उभें राहतें. आपल्या कोंकणपट्टीवरील तांडेल वारा फिरल्याचें गालावरून ओळखतो. आज मोठ्या शर्यतींतील नौकेवर मात्र हेंच ज्ञान आंकड्यांच्या रूपानें पडद्यावर उमटत असतें. हा बदल कसा घडला, आणि त्यांत माणसाच्या कसबाचें काय झालें, हें आज आपल्यापुढें थोडक्यांत मांडावयाचें आहे.

इ. स. १८५१ मध्यें ‘अमेरिका’ नांवाच्या नौकेनें इंग्लंडच्या वाइट बेटाभोंवतालची शर्यत जिंकून एक चषक आपल्या देशीं नेला. तोच पुढें ‘अमेरिका चषक’ म्हणून प्रसिद्धीस आला. तो परत मिळविण्यासाठीं इंग्रजांनीं पुन्हां पुन्हां प्रयत्न केले. १९३४ सालचें आव्हान टॉमस सॉपविथ यांचें होतें. हे गृहस्थ विमानांचे कारखानदार. हवेचा वेग मोजल्यावांचून वैमानिकाचें चालत नाहीं. तेव्हां विमानविद्येंतील मापनाची दृष्टि त्यांनीं समुद्रावर आणली आणि वाऱ्याचा वेग व दिशा दाखविणारीं उपकरणें आपल्या ‘एंडेव्हर’ नौकेवर बसविलीं. परंतु निघण्यापूर्वींच वेतनाच्या वादावरून बरेच पगारी खलाशी सोडून गेले, व त्यांच्या जागीं हौशी मंडळी घ्यावी लागली. तरीहि पहिल्या दोन शर्यती ‘एंडेव्हर’नेंच जिंकल्या.

तिसऱ्या शर्यतींत शेवटचा टप्पा सुरू झाला, तेव्हां ती सहा मिनिटांहून अधिक पुढें होती. प्रतिस्पर्धी ‘रेनबो’चे नायक हॅरॉल्ड व्हँडरबिल्ट यांनीं सुकाणू शर्मन हॉइट यांच्या हातीं दिलें आणि आपण खालीं निघून गेले. हॉइट यांस सॉपविथांची एक संवय ठाऊक होती: प्रतिस्पर्धी आणि वारा यांच्या मध्यें आपली नौका आणून ठेवल्यावांचून त्यांस चैन पडत नसे. हॉइट यांनीं शेवटच्या रेषेच्या रोखानें न जातां, मुद्दाम वाऱ्याकडे अधिक वळलेला मार्ग धरला. सॉपविथ फसले. प्रतिस्पर्ध्याला अडविण्यासाठीं त्यांनीं नौका वळविली, वळण्यांत वेग गमावला, आणि ‘रेनबो’ पुढें निघून गेली. पुढल्या तीनहि शर्यती ‘रेनबो’नेंच जिंकल्या. वारा मोजणारें उपकरण जवळ होतें; समोरच्या माणसाचें मन मोजणारें कोणाजवळच नव्हतें, परंतु हॉइट यांनीं तें निरीक्षणानें जाणलें होतें.

तरी यावरून मोजमाप व्यर्थ, असा निष्कर्ष कोणीं काढूं नये. त्याच सुमारास अमेरिकेंतील होबोकेन येथील स्टीव्हन्स संस्थेंत प्राध्यापक केनेथ डेव्हिडसन हे पाण्याच्या टांक्यांत नौकांच्या लहान प्रतिकृति ओढून पाण्याचा विरोध मोजीत होते. पण शिडाचें बळ टांक्यांत कसें मोजावें? त्यांनीं ‘जिमक्रॅक’ नांवाची खरी नौका वाऱ्यावर हांकारून तिचा वेग व कल यांची नोंद घेतली, आणि ती नोंद प्रतिकृतीच्या मापांशीं ताडून शिडाच्या बळाचा हिशेब बसविला. स्टार्लिंग बर्जेस व ऑलिन स्टीव्हन्स यांनीं आंखलेली ‘रेंजर’ नौका अशाच टांक्यांतील परीक्षेंतून निवडली गेली. १९३७ सालीं तिनें सॉपविथांच्या दुसऱ्या ‘एंडेव्हर’ला ओळीनें चार वेळां हरविलें.

पुढें हा हिशेब प्रत्यक्ष नौकेवर आला. त्याचें मर्म शाळेच्या फळ्यावरील वेगांच्या समांतरभुज चौकोनांत आहे. वारा पडलेला असतांहि सायकलस्वाराच्या तोंडावर वारा लागतो. तसाच धावत्या नौकेवर भासणारा वारा हा खरा वारा आणि तिची स्वतःची गति यांचें मिश्रण असतो. उपकरणें भासमान वारा व नौकेचा वेग मोजतात, आणि संगणक त्यांतून खरा वारा वेगळा काढतो. आतां, वाऱ्याच्या थेट तोंडावर शिडाची नौका जात नाहीं. तिला नागमोडी जावें लागतें. वाऱ्याच्या जवळून गेलें तर वाट आंखूड, पण वेग मंद. दूरून गेलें तर वेग मोठा, पण वाट लांब. या दोहोंमधला लाभाचा कोन कोणता, हें १९७० नंतरच्या दशकांत मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्यापीठांत गणितानें वर्तविण्यांत येऊं लागलें. तेव्हांपासून सुकाणूधारकास आधींच सांगतां येतें कीं, इतक्या वाऱ्यांत इतका वेग हवा. वेग कमी भरला, तर शीड नीट नाहीं, रोख चुकला, किंवा तळाला शेवाळ अडकलें, हें शोधावयाचें काम माणसाचें. उपकरणच चुकीचें लावलेलें असेल, तर मागें पडलेल्या घड्याळाप्रमाणें तें बिनदिक्कत खोटें सांगतें.

आतां एक उलट उदाहरण. १९६८-६९ मध्यें रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनीं ‘सुहैली’ या नौकेंतून ३१२ दिवसांत, एकट्यानें व कोठेंहि न थांबतां, पृथ्वीप्रदक्षिणा केली. ही सागवानी नौका आपल्या मुंबईंत बांधलेली. त्या शर्यतीच्या स्मरणार्थ २०१८ सालीं जी ‘गोल्डन ग्लोब’ शर्यत झाली, तिच्यांत दिशाशोधनाचीं आधुनिक विजेरी उपकरणें वर्ज्य होतीं. कोनमापक यंत्र आणि कागदी नकाशे एवढ्यांवरच भिस्त. भारतीय नौदलाचे कमांडर अभिलाष टॉमी हे गोव्यांत ‘सुहैली’च्या धर्तीवर बांधलेल्या ‘थुरिया’ नौकेंतून उतरले होते. सप्टेंबरांत हिंदी महासागराच्या दक्षिण भागांत वादळानें डोलकाठी मोडली, आणि पाठीला जबर दुखापत होऊन ते जागचे हलूं शकेनात. तेव्हां उपग्रहावाटे पोहोंचलेल्या संकटसंदेशावरून नौदलाच्या विमानानें नौका हुडकली, आणि २४ सप्टेंबरला ‘ओसिरिस’ या फ्रेंच जहाजानें त्यांस सोडविलें. पुढें २०२२ सालीं सुरू झालेल्या त्याच शर्यतींत ते दुसरे आले.

स्पर्धेत कसब पारखण्यासाठीं जें यंत्र दूर ठेवलें, तें प्राणरक्षणासाठीं मात्र जवळ ठेवलें, यांतच मला विवेक दिसतो. आम्ही मुलांच्या हातीं लॉगॅरिथमचें कोष्टक देत असूं. तें ज्याला पाहतां येई त्याचें गणित लवकर सुटे, पण कोणता आंकडा कशासाठीं पाहावयाचा, हें त्याचें त्यालाच कळावें लागे. नौकेवरचा पडदा हें तसेंच एक कोष्टक आहे.